फियाटला कार्पेट की रबर, लेदर की रेक्झीन?

वाचकाचं पत्र (थोडं आवरून):

"आमच्याकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात सगळे तिला फियाटच म्हणतात. गाव अमळनेर तालुक्यात. इंजिन चांगलं आहे, पण आतून गाडीची दशा झाली आहे. सीटांचं रेक्झीन तडकलंय, ड्रायव्हरच्या जागी बसलं की माणूस खड्ड्यात गेल्यासारखा खाली जातो. तळाला कुणीतरी कधीतरी घरात अंथरतात तसलं हिरवं प्लॅस्टिक चिकटवलंय. त्याच्या कडेने जुन्या काळ्या रबरी मॅटचे तुकडे दिसतात. पावसाळ्यात आत कुबट वास येतो. दुकानदार म्हणतो, सेव्हन-डी मॅट टाका, सीटा चौकटीच्या शिलाईत लेदरच्या करा, पुढचा सलग बाक काढून नव्या गाडीच्या दोन वेगळ्या सीटा बसवून देतो. बायकोला मखमल हवी आहे. आप्पांचं एकच, 'गाडी जशी व्हती तशीच ऱ्हाऊ दे.' घरचा कापूस आहे, तो गादीत भरावा असंही माझ्या मनात येतं. बहीण शहाद्याला दिली आहे आणि या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आप्पांना तिला याच गाडीतून माहेरी आणायचं आहे. कुठून सुरुवात करू?"

उत्तर:

भाऊ, तुमच्या पत्रात लेदर आहे, मखमल आहे, कापूस आहे, पण मी थांबलो ते कुबट वासापाशी. त्याचा अर्थ तळात पाणी मुरतंय आणि वरच्या प्लॅस्टिकमुळे ते बाहेर पडत नाही. दुकानदाराने त्या प्लॅस्टिकचा कोपरा तरी उचलून पाहिला का? नसेल पाहिला, तर मॅट आणि सीटा हा विषय पंधरा दिवस बाजूला ठेवा.

फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरे, खांब आणि छत एकमेकांना जोडून जो सांगाडा होतो, तीच गाडीची ताकद. सीटांचे बोल्टही त्याच तळात. तो सडला असेल तर वर कितीही भारी कव्हर चढवलं तरी तुम्ही आप्पांना आणि बहिणीला पोकळ पत्र्यावर बसवणार आहात.

एका रविवारी बॅटरीची तार काढा आणि दोन्ही सीटा बाहेर घ्या. प्रत्येक वस्तू सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू कुठला कुठे होता ते कागदावर लिहून त्यासकट डबीत ठेवा. मग प्लॅस्टिक सोलून काढा, पण काळ्या रबराचे तुकडे जपून. तेच पुढे माप म्हणून लागणार आहेत. तळ उघडा झाला की बोथट स्क्रूड्रायव्हरने ठोकत आणि टोचत जा. टणक आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. भुसभुशीत लागलं तर तिथे खडूने गोल करा. पेडलखालचा भाग, चारही कोपरे, उंबऱ्याची आतली कड आणि मागच्या सीटखालची जागा सोडू नका.

पाणी कुठून येतं ते शोधायला दोन माणसं लागतात. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपाने पाणी सोडायचं. पाणी एकदम टपावर ओतू नका. खालून वर या: आधी दारं, मग वायपरच्या दांड्यांचा भाग, मग काचेच्या रबराची खालची कड आणि शेवटी वरची. असं केलं तरच गळती नेमकी कुठली ते कळतं. एवढ्या जुन्या गाडीत पुढच्या काचेचं रबर कडक होऊन आकसलेलं असतं, पहिला संशय त्याच्यावर घ्या. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीने ती चिखल होऊन बुजतात आणि दार आतून सडायला लागतं. तारेने मोकळी करा. तळाच्या भोकांची रबरी बुचंही पाहा, एखादं नसेल तर रस्त्यावरचं पाणी थेट आत उडतं.

नुसता वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने घासायचा, फॉस्फोरिक अॅसिडवालं गंजरोधक लावायचं, मग प्रायमर, मग रंग, आणि सांध्यांवर सीलंट. भोक पडलं असेल तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवायचा. गॅसपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं, पातळ पत्रा कमी वाकतो. काही डेंटर भोकावर जाळी ठेवून लांबी (भेगा भरायची पुटी) थापतात आणि वर काळा रंग मारून देतात. त्याला स्पष्ट नाही म्हणा. लांबी वजन पेलत नाही आणि तिच्या आड गंज वाढतच राहतो. वेल्डिंगच्या वेळी फोम, काथ्या, कापड यातलं काही आत ठेवू नका. पेट्रोलची टाकी आणि नळी कुठून जाते ते डेंटरला आधी दाखवा आणि आग विझवायचं सिलिंडर जवळ असू द्या.

इतकं झाल्यावर तुमचा पहिला प्रश्न: खाली काय घालावं?

माझा कौल रबराला. तुमच्या गाडीत जुन्या रबराचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे आप्पांच्या 'जशी होती तशी'लाही तेच धरून आहे. पण जुनं होतं म्हणून नव्हे, सोयीचं आहे म्हणून मी रबर म्हणतो. शेतावरून आलेल्या माणसाच्या बुटाला चिखल असतो आणि उन्हाळ्यात दार उघडलं की धूळ आत येते. रबर उचललं, झटकलं, धुतलं, उन्हात टाकलं, परत बसवलं. आणि ते उचलल्यावर खालचा पत्रा दिसतो, ही त्यातली मोठी गोष्ट. म्हणून कुठलंही अंथरण घ्या, ते तळाला चिकटवू नका. दुकानदाराने सोल्यूशनचा डबा उघडला की त्याला थांबवा.

सेव्हन-डी मॅट याच कारणाने नको. ते परातीसारख्या कडांचं जाड अंथरण नव्या गाड्यांच्या तळाच्या मापाने बनतं. फियाटच्या तळाशी त्याचा मेळ बसत नाही. मग कापाकापी होते, कडा चिकटवल्या जातात आणि खाली पोकळी राहते, तिथे ओल साचते. शिवाय त्याची जाडी पेडलखाली येते. क्लच पूर्ण दबला नाही तर गिअर कुरकुरत पडेल, आणि मॅटची कड सरकून अॅक्सिलरेटरवर चढली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. कुठलीही मॅट टाकल्यावर तिन्ही पेडल हाताने शेवटपर्यंत दाबून पाहायचे. हे कपड्याच्या सतरंजीलाही लागू आहे.

आपल्याच जिल्ह्यात जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया एवढ्या बनतात की कुणीतरी तुम्हाला "त्यातलीच एक कापून टाक की" म्हणणारच. चटई घरात झकास. गाडीत ती पायाखाली सरकते आणि टाचेच्या घासणीने तिचे धागे सुटून पेडलला अडकतात. मागे पिकनिकला नेण्यापुरती डिकीत ठेवा.

कार्पेटचं म्हणाल तर इंग्लिश बनावटीच्या महागड्या गाड्यांना ते शोभायचं. फियाट साध्या घरची गाडी आहे. तरी मागच्या बाजूला पायांना मऊ हवं असेल तर आखूड, वेटोळ्या लवीचं कार्पेट घ्या. उभ्या लवीत धूळ खोल जाऊन बसते. कडेला शिवलेला गोट हवा, आणि ते टिचबटणांवर बसवा म्हणजे काढता येईल. ड्रायव्हरच्या बाजूला मात्र रबरच.

रबराखाली पूर्वी गोणपाटाचा किंवा जाड फेल्टचा थर घालत. आवाज आणि उष्णता त्याने कमी होते यात शंका नाही, पण एकदा भिजला की तो आठवडाभर ओला राहतो आणि पत्र्याला चिकटून बसतो. त्याऐवजी बंद छिद्रांच्या फोमचे पातळ तुकडे मापाने कापून सुटे ठेवा, ते पाणी पीत नाहीत. पत्र्याचा थरथराट कमी करायला काळ्या शीट मिळतात. त्या सगळ्या तळावर चिकटवायची गरज नाही. पत्र्याच्या मोठ्या, सपाट भागांच्या मधोमध, साधारण पाव ते तृतीयांश जागेवर लावल्या तरी आवाजाचा पोत बदलतो. ब्युटाइल रबराच्या घ्या. छपराची गळती थांबवायची डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून ती लावणारे भेटतील, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. डांबर पातळ होतं आणि गाडीत त्याचा वास कायमचा भरतो.

आता सीटा. माणूस खड्ड्यात जातो म्हणता, ते रेक्झीनचं दुखणं नाही. कव्हर सोडवल्यावर आत थर दिसतील: लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या किंवा फेल्टचा जाड थर, वर कापसाचा किंवा फोमचा पातळ थर आणि मग कव्हर. ड्रायव्हरची बाजू बसली म्हणजे बहुधा गोणपाट फाटून स्प्रिंगा काथ्यात घुसल्या आहेत, नाहीतर एखादी स्प्रिंग तुटली किंवा सांगाड्यापासून सुटली आहे. कुशनवाला जर सगळ्या स्प्रिंगा काढून एकसंध फोमचा ठोकळा टाकतो म्हणाला तर तयार होऊ नका. फोमचा ठोकळा दुकानात बसून पाहताना सुखाचा वाटतो. पण त्याच्यातून हवा खेळत नाही, शहाद्यापर्यंत पाठ आणि मांड्या घामाने चिंब होतील, आणि बैठकीची उंचीही बदलेल. फियाटचं स्टिअरिंग आणि त्याखालचा गिअर त्या उंचीच्या हिशेबाने बसवलेला आहे.

स्प्रिंगा दुरुस्त होतात. गंज घासून रंग द्यायचा, तुटलेली बदलायची, सुटलेली बांधायची. त्यावर नवं, घट्ट विणीचं गोणपाट ताणून बसवायचं. हा थर स्वस्त असतो आणि दिसत नाही, म्हणून घाईतला कारागीर तो गाळतो. मग वर्षभरात स्प्रिंगा फोम कापायला लागतात. गोणपाटावर रबर मारलेल्या काथ्याची शीट आणि त्यावर इंच-दीड इंच चांगला फोम. फोम घेताना जाडी नाही, घनता (एका घनमीटरला किती किलो) विचारा. बैठकीला ४० च्या आसपासची, पाठीला ३० ची चालते. बोटाने दाबून लगेच वर येतो म्हणून हलका फोम घेतलात तर दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होईल.

घरच्या कापसाबद्दल: कल्पना वेडगळ अजिबात नाही. जुन्या सीटांत कापसाचा थर असायचाच. सरकी काढून नीट पिंजलेला कापूस फोमवर अगदी पातळ, सारखा पसरून मलमलच्या कापडात टाचला तर कव्हरला गोलाई येते आणि कडा टोचत नाहीत. मात्र गादीसारखा भरायचा नाही. बसून बसून त्याच्या गाठी होतात, आणि घरची गादी जशी पिंजाऱ्याकडे देता येते तशी गाडीची सीट दर दोन वर्षांनी उसवता येत नाही. दुसरी भीती उंदरांची. गाडी धान्याच्या खोलीशेजारी उभी राहत असेल तर कापसाचा मोह टाळा, नुसता फोम ठेवा.

कव्हरसाठी रेक्झीनच. दुकानदार ज्याला लेदर म्हणतोय ते कातडं नसणार, कापडावर पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) थर असलेला कृत्रिम माल असणार. त्यातला हलका माल दमट हवेत आणि उन्हात काही वर्षांतच पापुद्रे सोडतो. खरं कातडं उत्तम, पण त्याला नियमित मलम लागतं, उन्हात उभ्या गाडीत ते सुकून चिरतं, आणि या गाडीला ते पाहुण्याचा कोट घातल्यासारखं दिसेल. रेक्झीनही उन्हाने मरतंच. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जातं, म्हणून ते कडक होऊन तडकतं. काचेला आतून जो तेलकट धुरकट थर येतो, त्यात ते उडालेलं द्रव्यही असतं. म्हणून गाडीसाठी बनलेलं, पाठीमागे विणलेलं कापड असलेलं जाड रेक्झीन घ्या, बॅगांचं नको. कोपरा दोन्ही दिशांना ओढून पाहा, थोडं ताणलं पाहिजे, नाहीतर वळणावर सुरकुत्या येतील. दोन्ही सीटा आणि दारांचे पॅनेल यांचा माल एकदमच, एकाच रोलमधून उचला. नंतर आणलेल्या मीटरभराचा रंग जुळत नाही.

रंग ठरवताना घरात भांडू नका, गाडीलाच विचारा. जुनं कव्हर सोडवलं की सीटखाली दुमडलेल्या कडेवर ऊन कधी पडलेलं नसतं, तिथे कारखान्यातला मूळ रंग जसाच्या तसा असतो. तो तुकडा कापून दुकानात न्या. मूळ रंग काळा निघाला तर मात्र मी आप्पांशी थोडा वाद घालीन. बंद गाडीतली हवा उन्हात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज वर चढते आणि ऊन थेट पडणारं काळं रेक्झीन त्याहूनही तापतं. आखाजी म्हणजे ऐन वैशाखातला सण. भाचरं हाफ चड्डीत असतील तर पहिल्याच मिनिटाला रडायला लागतील. अशा वेळी मधल्या पट्ट्याला हवा खेळणारं जाड कापड आणि कडांना काळं रेक्झीन, हा जोड जुन्या गाड्यांना परका वाटत नाही. नाहीतर सरळ काळं ठेवा आणि वर पांढरे टर्किश टॉवेल टाका. साहेबांच्या गाड्यांत ते मिरवण्यासाठी असतात अशी आपली समजूत, पण त्यांचं खरं काम हे आहे.

वहिनींची मखमल मला कागदावर आवडली. धूळ, घाम आणि आमरसाचे हात यांच्यापुढे ती टिकणार नाही. मागच्या सीटवर दोन मखमली उश्या करून द्या, त्या काढून झटकता येतील.

चौकटीची शिलाई नको म्हणताना मी नुसता जुनाट आग्रह धरत नाही. रेक्झीनला पडलेलं सुईचं प्रत्येक भोक कायमचं असतं. चौकटीत शेकडो भोकं जास्त पडतात, त्यातून धूळ आणि घाम आत जातो आणि ताण आला की भोकांच्या रांगेतच ते फाटतं. जुन्या कव्हरवर उभ्या पट्ट्यांची शिलाई असेल तर तिची रुंदी मोजून तीच उतरवा. टाका चार-पाच मिलिमीटरचा, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा कुजतो. कडेच्या पाइपिंगच्या आत प्लॅस्टिकची दोरी घाला, सुतळी भिजली की आकसते आणि कड चुण्या धरते. जुनं कव्हर फाडून काढू देऊ नका. टाके उसवून प्रत्येक तुकडा सपाट करायचा, त्यावर 'पुढची सीट, डावी, पाठ' असं लिहायचं, आणि त्यावरूनच नवं बेतायचं. एवढं सांगूनही ज्या कारागिराने पहिल्या झटक्याला ब्लेड काढलं त्याच्याकडून गाडी परत आणा.

असा माणूस चकचकीत सीट कव्हरच्या दुकानात मिळेलच असं नाही. धुळ्याला महामार्गांची चौफुली असल्याने ट्रकची कामं करणारे खूप. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या सीटा बांधणाऱ्या जुन्या मिस्तरींपैकी ज्याला स्प्रिंगा बांधता येतात तो शोधा. मजुरी आणि माल यांचे भाव वेगळे लिहून घ्या, माल स्वतः आणून द्या, आणि आधी मागच्या सीटची फक्त पाठ करून घ्या. ती पसंत पडली तर पुढचं काम.

पुढचा बाक काढायचा नाही, हे वेगळं सांगायला हवं का? गिअर स्टिअरिंगखाली असल्यामुळेच तिथे सलग बाक बसतो. नव्या गाडीच्या सीटांचे रूळ या तळाला जुळत नाहीत. त्यासाठी तळात नवी भोकं आणि पट्ट्या मारतात, ज्या तळाला आपण आत्ताच वाचवलं. आणखी एक हिशेब मनात ठेवा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तुमची २०२८ मध्ये तिथे पोचेल. मात्र तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा आप्पांना लेकीला आणायला जायचं असेल तोवर नेहमीचीच नोंदणी चालू ठेवा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत. मूळ सांगाडा आणि बाक जपलात तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

वेळेचं गणित. संक्रांत नुकतीच झाली, आखाजीला तीन महिने आहेत. गाडी उघडणं, गळती शोधणं आणि पत्र्याचं काम यात फेब्रुवारी जाईल. काचेचं रबर बदललं की पुन्हा एकदा पाणी मारून पाहा, तळ पूर्ण कोरडा झाल्याशिवाय काही अंथरू नका. सीटा मार्चमध्ये बांधायला द्या, लग्नसराई तापली की कारागीर हाताला लागत नाहीत. दारांच्या पॅनेलचा हार्डबोर्ड फुगला असेल तर तोही याच वेळी नव्याने कापून घ्या आणि त्याच्या मागे प्लॅस्टिकचा कागद लावायला विसरू नका, नाहीतर दारातली ओल पुन्हा पॅनेलमध्ये उतरेल. एप्रिलच्या सुरुवातीला गाडी जुळली की आप्पांना घेऊन एरंडोलपर्यंत जाऊन या. नवी सीट थोडी उंच वाटेल, महिनाभरात बसेल. परत आल्यावर सीटखालचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.

रेक्झीन पुसायला कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडकं. रॉकेल, पेट्रोल, थिनर नको. खोबरेल तेलही नको, धूळ त्यावर चिकटून बसते. आणि काढलेली जुनी कव्हरं, रबराचे तुकडे पोत्यात बांधून माळ्यावर टाका. पुढच्या वेळी काम निघेल तेव्हा मिस्तरीला मापं त्यातूनच मिळतील.